काटा बारावर

जालन्यात नवा अ‍ॅम्प्लिफायर घरी आला की आधी त्याला हळदकुंकू लागतं. मग त्याच बोटांनी बासचं बटण पार उजवीकडे जातं. पाठोपाठ ट्रेबलचं. गाणाऱ्याचा आवाज मधल्या पट्टीत असतो आणि मधल्या पट्टीला बटण नसतं. मग तिला विचारतो कोण?

लाखाचा डबा घेतला आणि बटणं मध्यावरच ठेवायची? मग पैसे कशाचे दिले?

बरं, हा माणूस भोळा म्हणावा तर तसंही नाही. एमआयडीसीत त्याचा सळईचा कारखाना असतो, किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात तो फर्नेस सांभाळतो. तिथे तो सख्ख्या भावाच्या शब्दावर गाडी उतरवून घेत नाही. भंगाराचा ट्रक आधी काट्यावर. भरलेला एकदा, रिकामा एकदा, वजाबाकी स्वतः. वितळलेल्या लोखंडाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर: कार्बन किती, गंधक किती, फॉस्फरस किती. सळई निघाली की तिचा तुकडा मशीनमध्ये धरून तुटेपर्यंत ओढायचा. '५०० डी'चा शिक्का मारायचा, तर आयएस १७८६ म्हणतं तसा चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनचा ताण तिने सोसलाच पाहिजे आणि तुटण्याआधी १६ टक्के लांबलंही पाहिजे. नाहीतर माल परत भट्टीत.

हाच माणूस शोरूममध्ये जातो. पोरगा म्हणतो, "शेठ, हजार वॉट आहे."

शेठ म्हणतात, "बांध."

काटा नाही, नमुना नाही, ओढून बघणं नाही. एमआयडीसीचं फाटक ओलांडलं की अक्कल गेटपास घेऊन आतच थांबते की काय, कोण जाणे.

स्टिकरवर किती विश्वास ठेवावा, हे जालन्याला तरी कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याची माणसं गावात शिरली ती वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून. काचेवर 'दुल्हन हम ले जाएंगे'. आतून नवरदेव उतरला नाही, हे अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. नोटा मोजायला तासन्‌तास लागले. एवढं होऊनही डब्यावर '१००० वॉट' लिहिलेलं दिसलं की आपली मान आपोआप डोलते.

डबा जरा फिरवा. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १२० वॉट. म्हणजे भिंतीतून १२० वॉट घेतो आणि स्पीकरला हजार देतो. असा फर्नेस कुणी बनवला, तर जालन्याच्या उद्योजकांना वीजदर कमी करा म्हणून मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत.

हा खेळ जुना आहे. नव्वदच्या दशकात हातभर टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' लिहून पुढे हजारोंचा आकडा टाकायचे. क्षणाच्या हजाराव्या भागात, फाटक्या आवाजात, स्पीकर जळायच्या आधी जे निघेल ते. अमेरिकेत हाच तमाशा आधी होऊन गेला होता. शेवटी तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये नियमच केला: किती ओहमवर, किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत, किती विकृतीसह, हे सांगितल्याशिवाय वॉटचा आकडा जाहिरातीत टाकायचा नाही. आपल्याकडे ग्राहकाने नुसतं 'आरएमएस किती?', म्हणजे सलग किती वॉट निघतात, असं विचारलं, तरी शोरूमचा पोरगा चहा सांगायला आत जातो.

आणि वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हे कुणी सांगितलं? ५० चे १०० वॉट केले की वाढतात ३ डेसिबल. कान टवकारला तर कळतं, जेवताना ऐकलं तर तेही नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॉट दहापट लागतात. बिल मात्र पहिल्याच दुपटीला दुप्पट वाटतं.

घरगुती स्पीकरच्या माहितीपत्रकात साधारण ८८ डेसिबल असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एक वॉट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबल. एका वॉटला! दिवाणखान्यातलं नेहमीचं ऐकणं त्या पहिल्या वॉटातच आटोपतं. तबल्याची थाप नाहीतर पखवाज आला की क्षणभर जास्त लागतात, त्यासाठी थोडी शिल्लक असावी. बाकीचे वॉट व्याह्यांना सांगायला.

आता सरकारचं गणित बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०. म्हणजे कागदावर एमआयडीसीची शांत रात्र ही वसाहतीतल्या गोंगाटी दिवसापेक्षा पंधरा डेसिबलनी मोठी. कायदेशीर शांतता म्हणतात ती हीच.

या शांततेच्या शेजारी तुमचा हाय-फाय बसणार. बाहेर रोलिंग मिलचा घरघराट, हायवेवर प्रेशर हॉर्न, डोक्यावर पंखा. सतारीचा हळू आलाप या सगळ्याच्या तळाशी जातो. तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवायचा. मग झाला येतो आणि शेजारीही येतो.

खरी गोम मात्र अ‍ॅम्पमध्ये नाही, कानात आहे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. मिलच्या स्टँडजवळ उभं राहून दोन वाक्यं बोलून बघा, मग त्या मर्यादेचं काय होतं ते सांगा. सतत दणदणाटात राहिलेल्या माणसाचा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. ऑडिओमेट्रीच्या कागदावर तिथे खड्डा दिसतो. डॉक्टर तो बघूनच विचारतात, 'कुठं कामाला?' व्यंजनांची धार त्याच भागात असते. स, श, त, थ. माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. घरचे म्हणतात, लक्ष नाही.

मग नवा अ‍ॅम्प येतो आणि ट्रेबल उजवीकडे जातं. त्याला ते सपाट वाटतं. बाकीच्यांना कानात सुई टोचल्यासारखं. भांडण अ‍ॅम्पच्या सेटिंगवरून सुरू होतं आणि कानात घालायचे प्लग कारखान्यात गळ्याभोवती दोरीने लटकत राहतात. ते इन्स्पेक्शनच्या दिवशी कानात असतात. त्या दिवशी सगळ्यांचेच.

मालकाचा कान चांगला असेल, असं समजू नका. त्यांचाही जन्म तिथेच गेला. फक्त त्यांची ऑडिओमेट्री होत नाही, कारण शेठला 'ऐकू येत नाही' असं सांगणार कोण?

बासची गोष्ट निराळी. बास ऐकायचा नसतो, सोसायचा असतो, असं आपल्या पिढीचं डीजेने शिक्षण केलंय. "भाऊ, छातीत लागला पाहिजे." लग्न असो, विसर्जन असो, जयंती असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत असते आणि तिच्यापुढे खिडक्यांच्या काचा वाजतात. तोच कान मग दिवाणखान्यात मापदंड होतो. सोळा बाय बाराच्या खोलीत विसर्जनाची मिरवणूक मावत नाही, ही अ‍ॅम्पची चूक.

बाकी मापदंड आणायचा तरी कुठून? माइकशिवाय वाजणारा तबला आपण शेवटचा कधी ऐकला? चाळीस माणसांच्या कीर्तनालाही माइक लागतो. मंदिरात अ‍ॅम्प असतो, त्याला इकोचा डबा जोडलेला असतो, आणि महाराजांनी एकदा 'विठ्ठल' म्हटलं की सभामंडपात तो तीनदा येतो. पुण्यही तिप्पट धरत असतील. जवळच्या जांब समर्थला जन्मलेल्या रामदासांना गावोगाव ऐकवायला इको लागला नव्हता, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

तर बटणं. बास-ट्रेबलची ही जी जोडगोळी जगभर दिसते, तिच्या मंडलाचा नकाशा पीटर बॅक्सँडल या इंग्रज इंजिनिअरने १९५२ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापला. बटणाचा काटा मध्यावर, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तिथे असला की आवाजाला हात लागत नाही. जे रेकॉर्डवर आहे तेच पुढे. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. एवढंच. रेकॉर्डिंग जुनं, बोथट असेल तर ट्रेबल चिमूटभर वाढवा, खरखर असेल तर चिमूटभर कमी करा. चिमूट म्हणजे चिमूट.

पण आपल्याकडे बारा वाजले म्हणजे वाट लागली. काटा तिथे ठेववेल कसा?

काही अ‍ॅम्पवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं. याच्याइतका गैरसमज जालन्यात फक्त पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाबद्दल आहे. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू केला की माणसाच्या कानाला खालचे सूर इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू ऐकताना ती तूट भरून काढायला हे बटण. हळू ऐकताना! आपण ते दाबतो, वर आवाज पूर्ण वाढवतो आणि शेजाऱ्यांना फ्लेचर-मन्सन समजावतो.

त्याच्या शेजारी 'डायरेक्ट' असतं. ते दाबलं की बास, ट्रेबल, बॅलन्स, सगळं मधून बाजूला होतं आणि आवाज सरळ रस्त्याने जातो. अ‍ॅम्प जितका महाग तितकी त्यावर बटणं कमी, हेही त्यामुळेच. पण अडीच लाखांच्या डब्याला एकच बटण बघून आपला माणूस हबकतो. "बाकीची कुठं ठेवली?"

फसवणूक सुरू होते ती बेरजेत. फोनच्या इक्वलायझरमध्ये 'बास बूस्ट' आधीच चालू असतो. तो धाकट्याने केलेला. अ‍ॅम्पवर बास उजवीकडे; तो थोरल्याने. सबवूफरच्या पाठीमागचं बटण पूर्ण. ते शोरूमच्या पोराने, जाताना. खालच्या सुरात १० डेसिबल वाढवले की अ‍ॅम्पकडे दहापट ताकद मागितली जाते, आणि इथे तर तिघांनी मागितली. पन्नास वॉटचा अ‍ॅम्प पाचशे कुठून आणणार? तो लाटेचा माथा सपाट कापून देतो. आपण म्हणतो आवाज फाटला. फाटलेल्या आवाजातले तीक्ष्ण तुकडे जातात छोट्या ट्वीटरमध्ये, आणि वाढवला बास पण जळाला ट्वीटर, असं होतं.

मग फोन कंपनीला. कंपनी म्हणते, वॉरंटीत बसत नाही. आपण म्हणतो, माल हलका होता.

वायरचं काय सांगावं? स्पीकरच्या मागे दोन टोकं, एक लाल, एक काळं. अ‍ॅम्पच्या मागेही तीच. लालला लाल, काळ्याला काळं. एवढं साधं. पण वायर कपाटामागून ओढताना एका स्पीकरची अदलाबदल होते. आता एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बास मधल्या मध्ये मरतो आणि गाणारा कुठे उभा आहे तेच कळत नाही. एमआयडीसीत मोटारीचे दोन फेज उलटे लागले की कन्व्हेयर उलटा फिरतो आणि पहिल्या सेकंदाला हेल्पर ओरडतो. घरी महिनोन्‌महिने कुणी ओरडत नाही. बास कमी वाटतो, म्हणून बटण उजवीकडे.

ओहम बघा, हेही कुणी सांगत नाही. अ‍ॅम्पवर '६ ते १६ ओहम' लिहिलंय आणि स्पीकर ४ चा असेल तर अ‍ॅम्प तापतो. ए आणि बी अशा दोन जोड्या एकदम लावल्या, एक हॉलमध्ये आणि एक गच्चीवर, तर आठ-आठ ओहमचे बहुतेक डब्यांत चार होतात. मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशी पार करतो. त्यात डबा बंद शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती. हवा जायची कुठून? देवाच्या कृपेने आजवर चाललाय, हे मात्र शब्दशः खरं.

होम थिएटरवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. त्या डब्याच्या मेनूत प्रत्येक स्पीकरपुढे दोन पर्याय असतात: लार्ज आणि स्मॉल. स्मॉल म्हणजे याचा खालचा भाग सबवूफरकडे पाठवा. बहुतेक घरगुती स्पीकरांना तेच योग्य, आणि कापायची रेघ ८० हर्ट्झच्या आसपास. वीतभर स्पीकरलाही आपल्याकडे 'लार्ज' करून ठेवतात. आमच्या घरी काही लहान नसतं.

सबवूफरच्या मागे फेजचं बटण असतं: शून्य किंवा १८०. एकाने नेहमीच्या जागी बसायचं, दुसऱ्याने बटण इकडून तिकडे करायचं, ज्यात बास भरीव ते ठेवायचं. मिनिटाचं काम. पण ज्याने बटण करायचं तोही सोफ्यावरून उठत नाही.

या डब्यांबरोबर एक छोटा माइक येतो. तो कानाच्या उंचीवर ठेवायचा, खोलीत शांतता करायची, मग डबा प्रत्येक स्पीकरमधून सूं-सूं आवाज काढून स्वतःच मोजमाप घेतो. कल्पना सुरेख. शांतता करायची! माइक मोजतो पंखा, मिक्सर, गल्लीतला भाजीवाला आणि 'अहो, काय लावलंय हे?' तरीही बऱ्यापैकी हिशेब लागतो. सगळे सूर जागेवर येतात. शेठ ऐकतात आणि म्हणतात, "आवाज पातळ झाला." आणि हाताने बास वाढवतात.

मोजून घेतलेलं हाताने बिघडवायचं, हे फर्नेसवर कुणी केलं असतं तर त्याचा हिशेब करून घरी पाठवला असता.

आता खोली. हा सगळ्यात मोठा डबा आणि याच्यावर एकही बटण नाही, म्हणून याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. जुन्या जालन्यात माळवदाची घरं होती. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती, खाली जाजम, कोनाड्यात गोधड्या, कोपऱ्यात ज्वारीची पोती. तिथे रेडिओ गोड वाजायचा. लोकांना वाटतं, रेडिओ चांगला होता.

आता सिमेंटचा स्लॅब, आरशासारख्या टाइल्स, काचेचं शोकेस, समोर काचेचंच सरकतं दार. आवाज एकदा सुटला की चारही भिंतींवर आपटत फिरतो. टाळी वाजवून बघा, खोली उलट उत्तर देते. हे दुखणं जगाला माहीत होऊन सव्वाशे वर्षं झाली. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह निकामी ठरलं, कारण तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय करता येतं. त्याने रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, मांडल्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणखी आणल्या, पुन्हा मोजलं, आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवल्या. अशा कित्येक रात्री. ध्वनिशास्त्रातलं सूत्र त्यातून निघालं.

त्याने अ‍ॅम्प बदलला नाही. तेव्हा अ‍ॅम्प जन्मालाच आला नव्हता.

आपल्याकडे गाद्या भरपूर. जाड पडदा, गालिचा, पुस्तकांचं कपाट, काहीही चालेल. पण आठ हजारांचा पडदा महाग वाटतो, आणि आठ हजारांची 'ऑक्सिजन-फ्री' वायर स्वस्त.

बारा फुटांच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर त्या दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. दहा फुटांच्या खोलीत ५६ चा. भिंतीजवळ तो फार मोठा, मध्यावर जवळजवळ नाहीसा. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावरचे आजोबा म्हणतात, बास कमी कर. मधे सतरंजीवर बसलेला नातू म्हणतो, बासच नाही. दोघेही खरं बोलतात. बटण बिचारं कुणाचं ऐकणार?

उपाय फुकट आहे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणा, सोफा थोडा सरकवा, दोन्ही स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण करा. पण स्पीकर कुठे ठेवायचे हे कान ठरवत नाही, वास्तुवाला ठरवतो. विजेची वस्तू आग्नेयेला. आग्नेयेला फ्रिज आहे. मग दोन्ही स्पीकर फ्रिजवर, एकाला एक चिकटून. लग्नातल्या नवरा-नवरीसारखे शोभतात, आणि तेवढंच एकमेकांशी बोलतात.

विजेचंही बघू. इंडक्शन फर्नेसला लाइनची ५० हर्ट्झची वीज तशीच चालत नाही. ती आधी एका दिशेची करायची, मग पुन्हा शेकडो हर्ट्झवर उलटसुलट करायची. या कापाकापीचे शिंतोडे लाइनवर परत येतात: २५० हर्ट्झ, ३५० हर्ट्झ आणि त्यांच्यावरचे. फिल्टर नीट असेल तर ठीक. नसेल तर आसपासचे ट्रान्सफॉर्मर कुरकुरतात, त्यात तुमच्या डब्यातलाही आला. दिवसभर लाइनवर जे सोडलं ते रात्री घरी ऐकायला मिळतं, आणि तक्रार अ‍ॅम्पची.

पण पायाशी बघाल तर बहुतेक घरांतला 'घूंऽऽ' साधा असतो. टीव्हीचं अर्थिंग एका बोर्डावरून, अ‍ॅम्पचं दुसऱ्या, आणि मधे जोडणारी केबल. वर्तुळ पूर्ण झालं, घूं सुरू. सगळं एकाच बोर्डावर आणलं की बऱ्याचदा थांबतो. कारखान्यात अर्थ पिटचा रोध मोजून तारखेसह रजिस्टरात असतो. कोळसा, मीठ घातलेलं असतं आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायला माणूस नेमलेला असतो. जालन्यात नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही. अर्थ पिटला वेळेवर मिळतं.

आणि घरी? तीन पिनांपैकी जाडी पिन सॉकेटमध्ये जात नाही, म्हणून दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर. घूं गेला, असं कौतुकाने सांगतात. डब्याला हात लावला की मुंग्या येतात, हे नंतर सांगतात.

धूळ उरलीच. फर्नेसच्या पट्ट्यातली धूळ साधी नसते, हे गच्चीवर पांढरे कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही विचारा. तीच धूळ आवाजाच्या बटणात शिरते आणि फिरवलं की खर्रर्र. शंभरातल्या नव्वद वेळा... जाऊ द्या, आकडे नकोत. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि बटण दहा-वीस वेळा इकडून तिकडे, एवढ्याने बहुधा भागतं. पण मेकॅनिक डबा 'नेऊन बघतो'. परत आणतो तेव्हा खर्रर्र गेलेलं असतं, आणि बटणाची टोपीही.

एवढं करून ऐकायचं काय? मामाने पाठवलेलं, त्याला मेव्हण्याने पाठवलेलं, तीनदा दाबून लहान केलेलं गाणं. भंगार काळं आलं तर गाडी परत पाठवणारे आम्ही, गाण्याला मात्र काटाच नाही. आणि गाणं जुनं, मोनो असलं की तक्रार वेगळी: "दोन्हीकडून एकच येतंय, एक स्पीकर बंद करून बघ." मोनोत दोन्हीकडून एकच येणार! तरी बॅलन्सचं बटण फिरतं, 'थ्रीडी सराउंड' दाबलं जातं, आणि साठ वर्षांपूर्वी एका माइकसमोर उभी राहून गायलेली बाई आता विहिरीतून गाते.

शोरूममध्ये ही अडचण नव्हती. तिथे गाणं ठरलेलं: ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', १९९४ च्या मैफिलीतलं. सुरुवातीला गिटार, मग तो ढोलाचा ठोका, की गिऱ्हाइकाचा हात पाकिटाकडे. जगभरचे दुकानदार त्या ठोक्यावर घरं चालवतात. त्या हॉटेलात जालन्याचा माणूस शोरूमपुरताच उतरतो. घरी गेल्यावर पुन्हा कधी फिरकत नाही. आपल्या रोजच्या ऐकण्यातलं गाणं पेनड्राइव्हवर नेऊन तिथे लावायला सांगावं, तर म्हणे बरं दिसत नाही. भंगारवाल्याने स्वतःचाच काटा आणला असता तर बरं दिसलं असतं?

तीन महिन्यांनी निष्कर्ष निघतो: डबा कमी पडतोय. दोन हजार वॉटचा घेऊ. जुना कंपनीच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनमध्ये.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी अचूक लागलेलं असतं, हे मान्य केलं पाहिजे. बिल. ते घराच्या नावावर नसतं, कारखान्याच्या असतं. 'कॉन्फरन्स रूमसाठी ध्वनियंत्रणा.' १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट, वर १५ टक्के घसारा, चलन जागेवर, शिक्का जागेवर, तारीख जागेवर. त्यात कमी-जास्त काही नाही, काटा बरोबर बारावर. त्यासाठी शोरूमचा पोरगा लागत नाही. सीए असतात.